आधी ते पेन खाली ठेवा

मामानॅटली म्हणजे पोटावर बांधायचं बाळंतिणीचं सोंग. आत बाळ, नाळ आणि वार, बाजूला लाल पाण्याची पिशवी. बांधणारीनेच आतून हाताने गर्भाशय सैल किंवा घट्ट करायचं आणि रक्त किती सोडायचं तेही ठरवायचं. सोलापूरकडच्या एका नर्सिंग कॉलेजात मी ओबीजी, म्हणजे बाळंतपण आणि स्त्रीरोग, शिकवते आणि पुतळ्यांवर, खोट्या पेशंटवर केस रचून सराव घ्यायची स्किल लॅबही बघते, त्यामुळे हे सोंग बहुधा माझ्याच वाट्याला येतं.

एकदा अशीच कॉटवर पडले होते. चार मुलींची टीम होती. बाळ झालं, वार पडली आणि मी नळी सोडली. मॅकिंटॉशवरून, म्हणजे रबरी चादरीवरून, लाल पाणी ओघळायला लागलं. "मला गरगरतंय गं," असं कण्हत म्हटलं. माझ्या पोटावर हात ठेवून उभी असलेली मुलगी रक्ताकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडेही नव्हती. दर चार-पाच सेकंदांनी तिची नजर दाराच्या कोपऱ्यात जात होती. तिथे माझी सहकारी पॅडला चेकलिस्ट लावून, हातात पेन घेऊन उभी होती. पेन हललं की मुलीचा हात थांबायचा. गर्भाशय घट्ट करण्यासाठीचा मसाज थांबायचा. रक्त माझं चाललं होतं आणि तिला धाक पेनाचा होता.

त्याआधी सहा वर्षं त्या कोपऱ्यात मीच उभी राहत होते. कॉटवर पडल्याशिवाय ते दिसलं नाही. तेव्हा पहिली सूचना हीच: तुमच्या लॅबमध्ये एकदा तरी स्वतः पेशंट व्हा. प्रसूतीचं किट नसेल तर नुसत्या अपघाताच्या केसमध्ये पट्टी बांधून आडव्या व्हा, आणि मुलं कुणाकडे बघतायत ते मोजा.

हा धाक नसणं, याला पुस्तकात 'मानसिक सुरक्षितता' म्हणतात. शब्द जरा जडच आहे. अर्थ एवढाच की चुकलं, विचारलं, "मला येत नाही" म्हटलं तर माझी शोभा होणार नाही, अशी टीममधल्या माणसांना खात्री असणं. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांचा टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवरचा गाजलेला लेख १९९९ चा. पण मला त्यांचं त्याआधीचं, दवाखान्यातल्या औषधांच्या चुकांवरचं काम जास्त पटतं. चांगल्या टीमकडून चुका कमी होतात का, हे त्या बघायला गेल्या आणि आकडे उलटे आले. ज्या वॉर्डात वातावरण चांगलं, तिथे चुका जास्त नोंदलेल्या. त्यांनी काढलेला अर्थ असा की तिथली माणसं जास्त चुकत नव्हती, चुका लपवत नव्हती. ज्यांनी वॉर्डात चुका नोंदवायचं इन्सिडेंट रजिस्टर कोरं करकरीत बघितलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझ्या बाबतीत हे समजायला एक मुलगी खर्ची पडली. लॅबमध्ये इंट्राकॅथ (सलाईनची सुई) लावताना तिचा हात थरथरला, पुतळ्याच्या हातातून सुई आरपार गेली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हेच करणार का खऱ्या पेशंटला?" वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन. तीन आठवड्यांनी वॉर्डात एका आजींची आयव्ही आउट झाली, म्हणजे सलाईन शिरेबाहेर जायला लागलं. हात कोपरापर्यंत सुजला तोवर कुणी बघितलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं. बघितलं होतं, त्याच मुलीने, अर्ध्या तासापूर्वी. का नाही सांगितलं विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असणार." सूज दोन दिवसांत उतरली. तिचं ते वाक्य अजून उतरलेलं नाही.

आदल्या दिवशी

भीतीचा निम्मा भाग 'उद्या काय असेल' यातच असतो. म्हणून आदल्या दिवशी ग्रुपवर सांगून टाकते: विषय बाळंतपणानंतरचा रक्तस्राव (पीपीएच), हे चार मुद्दे वाचून या, अमुक ट्रे लागेल. केस काय घडणार ते सांगत नाही, पण विषय लपवत नाही. काही जणांना वाटतं, सांगितलं की सरप्राइज गेलं. अहो, सरप्राइज लेबर रूम देतेच.

केस जड असेल, म्हणजे बाळ दगावणं, भाजलेली बाई, विष प्यायलेला शेतकरी, तर त्याच मेसेजमध्ये लिहिते की कुणाला या विषयाचा त्रास होणार असेल तर मला एकटीला सांगा, कारण विचारणार नाही, दुसरं काम देईन. आमच्या भागात दर तिसऱ्या केसला घरी तसं काही घडलेलं कुणीतरी असतंच. एकदा हे लिहायला विसरले होते आणि एक मुलगी केसच्या मध्येच बाहेर जाऊन जिन्यात बसली. नंतर कळलं, तिच्या वडिलांचं असंच झालं होतं.

बघ्यांची संख्या ठरवा. आमच्याकडे साठची बॅच आणि मॅनिकिन, म्हणजे सरावाचे पुतळे, मोजके, त्यामुळे अख्खा वर्ग भिंतीला टेकून तमाशा बघायचा. आता पंधरा-पंधराचे गट करते. चौघी आत, बाकीच्या बाहेर, आणि बाहेरच्यांना रिकामं ठेवत नाही. एकीने फक्त वेळ लिहायची, एकीने फक्त पेशंटशी कोण काय बोललं ते. हाताला काम असलं की तोंडाला हसू कमी येतं.

पहिली पंधरा मिनिटं

सगळा खेळ इथे आहे, आणि आपल्याकडे नेमकं हेच उरकलं जातं. "चला, ग्लोव्हज घाला, सुरू करा." मी पंधरा मिनिटं राखून ठेवते, घड्याळ लावून.

बोलायला सुरुवात माझ्या चुकीपासून. खरीखुरी, जरा लाज वाटेल अशी. मी अकरा वर्षं लेबर रूमला होते, चुकांचा साठा भरपूर आहे. एका नाईटला मी ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) भरलेली सिरिंज लेबल न लावता ट्रेमध्ये ठेवली आणि पाच मिनिटांनी ती कसली हे मलाच आठवेना. फेकून दिली, दुसरी भरली. एवढंच सांगते. "आम्हीही चुकायचो" असं मोघम बोलून भागत नाही, मुलींना त्यातला खोटेपणा लगेच कळतो.

मग बॉस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनवाल्यांचं एक गृहीतक माझ्या भाषेत सांगते: इथे आलेली प्रत्येक मुलगी हुशार आहे, तिला काम जमतं, तिला चांगलं करायचंय आणि शिकायचंय, असं धरूनच आपण बोलणार. ते लोक हे वाक्य भिंतीवर लावतात. मी लावलं नाही, कारण आमच्या भिंतीवर आधीच इतके सुविचार आहेत की कुणी वाचत नाही. तोंडाने बोलते, आणि नंतर त्याला धरून वागावं लागतं, ते जास्त अवघड.

त्यानंतर मार्कांचं. हे गोल-गोल बोलू नका. आजचे मार्क धरणार असाल तर सरळ सांगा की ही परीक्षा आहे. नसाल तर म्हणा, "आजचं काहीही इंटर्नलला जाणार नाही," आणि मग खरोखरच जाऊ देऊ नका. एका बॅचला मी 'आज मार्क नाहीत' म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात व्हायव्हाला एकीला म्हणाले, "तू त्या दिवशी वार तपासली नव्हतीस ना?" झालं. त्या बॅचने वर्षभर माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि बरोबरच केलं.

मोबाइल टोपलीत. आम्ही केसचं जे रेकॉर्डिंग करतो ते कोण बघणार, कधी पुसणार, हेही तेव्हाच सांगायचं. आमच्याकडे चर्चा संपली की मुलींसमोरच डिलीट करतो. एखादीचा गोंधळलेला व्हिडिओ हॉस्टेलच्या ग्रुपवर गेला की पुढची दोन वर्षं ती लॅबमध्ये तोंड उघडणार नाही.

मग पुतळ्याशी ओळख. प्रत्येकीने हात लावायचा, नाडी शोधायची, छाती ऐकायची. पुतळ्याला काय येत नाही ते आधी सांगा. नवजात बाळाच्या पुतळ्यात, म्हणजे निओनॅटलीत, पाणी भरलेलं असतं, नाळेचे ठोके आणि श्वास आपण रबरी बल्ब दाबून देतो, रडणंही तसंच. पण ते निळं पडत नाही. म्हणून ठरवून टाकायचं: रंग कसा आहे ते विचारा, मी सांगेन. नाहीतर मुलगी केसमध्ये बाळाकडे बघत राहते, आपण म्हणतो 'सायनोसिस ओळखला नाही', आणि ती मनात म्हणते, रबर ते रबरच दिसणार. तिचं खरं असतं. त्याच्या बदल्यात त्यांच्याकडून एकच मागते: हे खोटं आहे हे आपल्या दोघींना माहीत आहे, तरी दहा मिनिटं खरं समजून वागू. आमच्या मुलींनी मोठ्या मॅनिकिनचं नाव पार्वतीकाकू ठेवलंय. मी आधी रागावणार होते. पण नाव ठेवल्यापासून तिच्या अंगावरची चादर कुणी ओढून बाजूला फेकत नाही.

आणि भाषा. यावर जरा सविस्तर लिहिते. आमच्या निम्म्याहून जास्त मुली मराठी शाळेतल्या. काहींच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. 'हँडओव्हर', म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या माणसाला सोपवणं, 'इंग्लिशमध्येच' असा आमच्याकडे नियम होता. एक मुलगी पार्वतीकाकूचं बीपी ८०/५० बघून गप्प उभी राहिली होती. तिला सगळं माहीत होतं, 'पेशंट शॉकमध्ये चाललाय' हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते जुळत नव्हतं. आता नियम असा: केसमध्ये ज्या भाषेत पटकन येईल त्या भाषेत बोला. फक्त औषधाचं नाव, डोस आणि रूट (शिरेतून की स्नायूत) अचूक हवा. 'दहा युनिट ऑक्सिटोसिन आयएम' हे कुठल्याही भाषेत तेच आहे. इंग्रजी हँडओव्हरची तयारी वेगळ्या तासाला घेते, पार्वतीकाकूला रक्तस्राव होत नसताना.

शेवटी एक शब्द ठरवतो: 'थांबा'. कुणाला खरोखर चक्कर आली, सुई टोचली, सहन होईना, तर 'थांबा' म्हणायचं, केस तिथेच थांबते. आजवर तीनदाच वापरला गेला. पण तो आहे हे माहीत असणं वेगळं.

केस सुरू असताना

पेन खाली ठेवा. लिहायचंच असेल तर काचेपलीकडे बसा. आमच्याकडे काच नाही, म्हणून पडदा लावलाय, ऑपरेशन थिएटरमधला जुना हिरवा. तोही चालतो.

टीम अडकली तर किती वेळ अडकू द्यायची? मी मनात साठपर्यंत मोजते. तोवर नाहीच हललं तर पेशंटच्या तोंडून मदत पाठवते: "सिस्टर, खालचं सगळं ओलं लागतंय." किंवा एका सीनियर मुलीला आधीच आत ठेवलेलं असतं, ती विचारते, "ब्लॅडर (मूत्राशय) भरलंय का बघू?" बाहेरून स्पीकरवर "अगं ब्लॅडर बघा ना!" असं ओरडायचं नाही. मदत आतल्या माणसाकडून आली की केस त्यांचीच राहते.

मॅनिकिन मारायचं की नाही हे आधी ठरवा. 'चुकलात, म्हणून मेली' असा शेवट रागाच्या भरात कधीच करू नका. मृत्यू शिकवायचा असेल तर तो त्या केसचा विषय हवा, नातेवाइकांना सांगण्यासकट, आणि तो मुलींनी काहीही केलं तरी होणार आहे हे त्यांना नंतर कळायला हवं.

यंत्र बिघडलं तर लगेच कबूल करा. एकदा हाताने दाबून श्वास द्यायच्या अँबू बॅगचा व्हॉल्व्ह अडकला होता, छाती उठेना. मुलगी मास्क दाबून दाबून रडकुंडीला आली. दीड मिनिटाने आमच्या टेक्निशियनच्या लक्षात आलं. मी केस थांबवून म्हटलं, "बॅग खराब आहे, तुझा हात बरोबर होता." हे सगळ्यांसमोर, मोठ्याने.

खुर्च्या गोल करून

केस दहा मिनिटांची असेल तर चर्चेला वीस ठेवते. खोली बदलते. रक्त सांडलेल्या कॉटशेजारी डोकं थंड होत नाही. टेबल नको, माझी खुर्चीही त्यांच्यासारखीच प्लास्टिकची.

पहिला प्रश्न: "कसं वाटतंय आत्ता?" उत्तरं एकेका शब्दात येतात. घाबरले, दमले, मजा आली. येऊ द्या. ती वाफ गेल्याशिवाय डोकं चालत नाही. मग एकीला केस काय होती ते दोन वाक्यांत सांगायला लावते, कारण कधी कधी चौघींनी चार वेगळ्या केस केलेल्या असतात.

त्यानंतर चुकीचा विषय. इथे दोन खड्डे आहेत. एक म्हणजे झाडाझडती, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दुसरा नवा आहे, कार्यशाळा करून आलेल्या ट्यूटरांचा: सगळं गोड बोलायचं आणि मनातलं लपवून "तुम्हाला काय वाटतं, आणखी काय करता आलं असतं?" असे कोड्यातले प्रश्न विचारायचे. मुलींना कळतं की मॅडमच्या मनात एक उत्तर आहे आणि आपण ते ओळखायचंय. तीही परीक्षाच. संशोधक जेनी रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा चर्चेची जी पद्धत मांडली ती मला सरळ वाटते: मी काय पाहिलं ते सांगायचं, मला काय वाटलं तेही सांगायचं, आणि मग खरोखर माहीत नाही म्हणून विचारायचं.

त्या मामानॅटलीच्या केसनंतर मी पोटावर हात ठेवलेल्या मुलीला म्हणाले, "मदतीला हाक मारायला तीन मिनिटं गेली. मला काळजी वाटली, कारण पीपीएचमध्ये मसाज, सलाईन, ऑक्सिटोसिन, ब्लॅडर, वार बघणं हे दोन हातांत मावत नाही. त्या वेळी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?"

ती गप्प. मी मनात दहा आकडे मोजले. सातला बोलावंसं वाटतंच, बोलू नका. नवव्याला ती म्हणाली, "मागच्या पोस्टिंगला मी हाक मारली होती मॅडम. सिस्टर म्हणाल्या, एवढंही जमत नाही का. म्हणून म्हटलं, आधी सगळं करून बघू."

बघा, तिला पीपीएचचे सगळे टप्पे पाठ होते. मी पुन्हा टप्पे शिकवले असते तर वेळ वाया गेला असता. त्या दिवशी उरलेला वेळ आम्ही फक्त हाक मारायचा सराव केला. 'कुणीतरी या' नाही. नाव घेऊन, काम सांगून: "सुवर्णा, पीपीएच आहे, ट्रे घेऊन ये. डॉक्टरांना फोन कर." पहिल्यांदा सगळ्या पुटपुटल्या. चौथ्यांदा शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

धोकादायक चूक मात्र पांघरूण घालून झाकू नका. बीपी १६०/१०० असताना मेथर्जिन, म्हणजे रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन, भरलं असेल, तर "हे द्यायचं नाही, बीपी आणखी चढतं" हे त्याच बैठकीत, स्पष्ट शब्दांत. सुरक्षित वाटणं म्हणजे चूक न सांगणं नव्हे. सांगताना तिच्याकडे नाही, सिरिंजकडे बघून बोलते. सोपी युक्ती आहे, पण चालते.

आणि मग केस पुन्हा. हे ज्यांना वेळेअभावी जमत नाही त्यांनी एक केस कमी घ्यावी, पण दुसरी संधी द्यावी. चुकलेल्या हाताने त्याच दिवशी बरोबर केलेलं रात्री हॉस्टेलवर सोबत जातं.

थोडे अवघड प्रसंग

मुलगे. बॅचमध्ये पाच-सहा ब्रदर असतात आणि ओबीजीच्या लॅबमध्ये ते कोपऱ्यात उभे असतात. त्यांना 'लाजू नका' म्हणून काही होत नाही. परवानगी कशी मागायची, सोबत बाई कशी ठेवायची, चादर कशी धरायची, याची वाक्यं आधी तोंडात बसवून घ्या. मग लाज बरीचशी कामात जिरते.

डॉक्टर आणि नर्स एकत्र असतील तर केसच अशी रचा की नर्सने बोलल्याशिवाय ती सुटणार नाही. आम्ही एका इंटर्नला आधी सांगून ठेवलं होतं की तू मेथर्जिन माग. मॉनिटरवर बीपी १६०/१०० होतं. पहिल्या टीममधल्या मुलीने भरलं आणि दिलं. चर्चेत म्हणाली, "मला दिसलं होतं." दुसऱ्या टीमची मुलगी सिरिंज हातात धरून म्हणाली, "सर, बीपी १६०/१०० आहे. मेथर्जिन नको ना?" त्या 'ना'साठी मी तिला मनात पैकीच्या पैकी दिले. आणि हो, इंटर्नला ही भूमिका दिली होती हे नंतर सगळ्यांना सांगा, नाहीतर तो बिचारा कँटीनमध्ये बदनाम.

रडू आलं तर पाणी द्या, बाहेर जायचं का विचारा, आणि कुणीतरी तिच्याबरोबर असू द्या. सगळ्यांसमोर समजूत काढू नका. संध्याकाळी एक फोन करा. दोन मिनिटं पुरतात.

स्टाफरूममध्ये मुलींची नावं घेऊन किस्से सांगणं बंद करा. हे मला सगळ्यात उशिरा जमलं. चहाबरोबर किस्सा रंगतो, पण दार उघडं असतं.

मागच्या महिन्यात नवीन बॅचला नवजात बाळाला श्वास देण्याचा डेमो देत होते. जन्मल्यापासून पहिल्या मिनिटात काय काय व्हायला हवं ते बोलता बोलता मास्क लावला. मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "मॅडम, मास्क उलटा आहे." खरंच होता, टोकदार बाजू हनुवटीवर. वर्ग चिडीचूप. मी मास्क फिरवला, "बरं झालं सांगितलंस, इकडे पुढे ये," म्हटलं, बॅग तिच्या हातात दिली आणि आम्ही मोजायला लागलो. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड.